मुंबईत ‘पानी’ कोण म्हणतं आणि ‘पाणी’ कधी म्हणतं?

बोलघेवडी
नमस्कार मंडळी. एमएच्या शेवटच्या सत्रासाठी प्रकल्प करायचा आहे. मुंबईत मराठी बोलणाऱ्यांच्या बोलण्यावर वय, राहण्याची वस्ती आणि शिक्षण-नोकरी यांचा काय परिणाम दिसतो, हा विषय. आम्ही दोघी जणी आहोत आणि हातात दहा आठवडे आहेत. वरळी कोळीवाडा, लालबाग-परळचा चाळींचा पट्टा आणि पार्ले पूर्व अशा तीन जागा डोक्यात आहेत.
अडलंय ते असं: नेमकं मोजायचं काय? किती माणसं पुरतील? आणि रेकॉर्डर दिसला की माणसं सावरून बोलतात, त्यावर काय करायचं? जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं.

कानसेन
मोजायला एक गोष्ट घ्या, फार तर दोन. ‘भाषा कशी आहे’ हे मोजता येत नाही. ‘ण’ यायला हवा तिथे किती वेळा ‘ण’ आला आणि किती वेळा ‘न’, हे मोजता येतं. अट एवढीच की एकाच माणसाच्या तोंडून दोन्ही येत असले पाहिजेत आणि त्यामुळे अर्थ बदलता कामा नये. भाषाविज्ञानात याला ‘चल’ म्हणतात.

ण-न घेणार असाल तर आधी गाळणी लावा. शब्दाच्या सुरुवातीला मराठीत ण येतच नाही. घंटा, कंठ, अंडं या शब्दांत पुढचा ट-ठ-ड जीभ आपोआप वळवतो, तिथे सगळ्यांचाच ण लागतो. या जागा सोडून द्या. ‘आणि’ही सोडा, कारण त्याचं ‘अन्’ नाहीतर ‘नि’ सगळ्या थरांतली माणसं करतात. ‘पण’ आणि ‘म्हणून’ वेगळ्या रकान्यात ठेवा. हे दोन शब्द इतके वेळा येतात की एकत्र मोजले तर बाकीचे शब्द दिसेनासे होतात. उरले पाणी, कोण, जेवण, सण, लोणचं, आणलं, आणि क्रियापदांची ‘-णार’, ‘-णं’ ही रूपं. माणशी किमान तीस नग हवेत (एक नग म्हणजे ‘ण’च्या जागेचा एक उच्चार), आणि एका शब्दाचे पाचाहून जास्त मोजू नका. ‘जाणार-येणार’मुळे अर्ध्या तासाच्या गप्पांत तीस सहज जमतात.

माणसांचा हिशेब असा. वयाचे तीन गट (१८ ते ३०, ३५ ते ५०, ६० च्या पुढे), स्त्री-पुरुष आणि शिक्षण-नोकरीचे दोन स्तर धरले की तक्त्यात बारा घरं होतात. प्रत्येक घरात तीन माणसं म्हणजे ३६. तीन वस्त्या घेतल्यात तर हाच आकडा १०८ वर जातो आणि तो दोघींना झेपणारा नाही. एक तासाचं ध्वनिमुद्रण अक्षरशः उतरवायला सहा ते आठ तास लागतात. ३६ माणसांचे प्रत्येकी पाऊण तास म्हणजे २७ तासांचं बोलणं, आणि उतरवायला १६२ ते २१६ तास. म्हणून सगळं उतरवू नका. पहिली दहा मिनिटं सोडून द्या, त्यात माणूस सावरलेलाच असतो. पुढच्या भागात फक्त तुमच्या चलाच्या जागा वेळेसकट टिपा.

मिळकत विचारू नका, कोणी खरी सांगत नाही आणि गप्पा तिथेच आटतात. शिक्षण किती, शाळेचं माध्यम कोणतं, स्वतःचं काम काय, आईवडिलांचं काम काय होतं आणि त्यांचं गाव कोणतं, एवढं पुरतं. गाव विचारायला विसरू नका. लालबागमधल्या साठीच्या माणसाच्या ‘न’चा उगम बऱ्याचदा सावंतवाडीत किंवा साताऱ्यात असतो.

शुद्धमती
थोडं वेगळं मत मांडते. ण लिहिलेला आहे तर ण म्हणायला काय अडचण आहे? नोकरीच्या मुलाखतीत, आकाशवाणीच्या चाचणीत ‘पानी’ म्हणणारा मागे पडतो हे खरंच आहे ना? मग याला ‘चल’ वगैरे म्हणून मुलांना तसंच सोडून द्यायचं का? मला हा जिभेचा आळस वाटतो.

कानसेन
शुद्धमती, मुलाखतीत मागे पडतो हे अगदी खरं आहे. पण कारण आळस नाही. आळस असता तर उलटी चूक दिसली नसती. ‘न’ची सवय असलेली माणसं जपून बोलायला लागली की ‘लहाण’, ‘मणापासून’ म्हणतात, म्हणजे जिथे ण नाही तिथेही लावतात. त्यात कष्ट जास्तच आहेत. मध्ये अडकलेल्या थरात, म्हणजे वर चढायची घाई असलेल्या आणि आपलं बोलणं तपासलं जातंय हे जाणवणाऱ्या माणसांत, ही उलटी चूक जास्त सापडते.

दुसरं म्हणजे, ‘तुम्ही’चं ‘तुमी’ आणि ‘आम्ही’चं ‘आमी’ दादर-पार्ल्यातली शिकलेली घरं रोज करतात. तिथेही लिहिलेला ह गळतोच. त्याला कोणी आळस म्हणत नाही, कारण तो सगळ्यांचा गळतो. बोट ठेवलं जातं ते ठरावीक लोकांच्या सवयीवर.

प्रमाण मराठी ठरली ती पुणे परिसरातल्या शिकलेल्या, मुख्यतः ब्राह्मण घरांच्या बोलीच्या पायावर. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं. शाळा, कचेऱ्या, छापखाने त्या वळणावर चालले. पुणेकरांचा ण निसर्गतः चांगला होता असं काही नाही. छापायच्या वेळी जी बोली हाताशी होती तिचा ण नियम झाला. प्रमाण भाषा शिकवावीच. पण मुलाला ‘तुझं चुकतं’ म्हणणं आणि ‘इथे असं म्हणतात’ म्हणणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दर्यासारंग
कोळीवाड्यात जाणार असाल तर ण-नपेक्षा ळ-ल आणि ड-र जास्त कामाचे. आगरी-कोळी बोलण्यात डोळा ‘डोला’, काळा ‘काला’, गाडी ‘गारी’, घोडा ‘घोरा’. ‘मला’च्या जागी ‘मना’ ऐकू येईल. वरळी, माहीम, खारदांडा, वेसावे, मढ इथलं बोलणं एकसारखं नाही, त्यामुळे ‘कोळी बोली’ असा एकच रकाना करू नका, कोळीवाड्याचं नाव लिहा.

आणखी एक सावधगिरी. बाजारातले शब्द मोजायचे नाहीत. ‘जवला’, ‘कोलबी’ हे शब्द मासळीबरोबरच येतात. पार्ल्याची बाईसुद्धा पाटीवर वाकून ‘जवला कसा?’ विचारते आणि घरी ‘शाळा’ नीट म्हणते. तो तिच्या बोलण्यातला ळ-ल नव्हे, मालाचं नाव आहे.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत पुरुष घरी असतात, तेव्हा निवांत बोलणं होतं. एरवी होड्या लागायच्या वेळी बायकांना थांबवू नका. आणि वयस्क कोळणीला ‘मॅडम’ किंवा ‘काकू’ म्हणू नका, ‘मावशी’ म्हणा. ‘काकू’ ऐकलं की समोरची लगेच इस्त्रीची मराठी काढते.

बोलघेवडी
खूप आभार. मावशीचं लगेच लिहून ठेवलं. मग कोळीवाडा आणि लालबाग-परळ एवढंच ठेवू का? पार्ले सोडलं तर वरचा स्तर कुठून आणायचा?

कानसेन
पार्ले सोडा. स्तर वस्तीतूनच काढा. कोळीवाड्यात बँकेत नोकरी करणारी मुलगीही आहे आणि तिची मासळी विकणारी आईही. गाव एकच, घर एकच, फरक फक्त वय आणि कामाचा. तीन वेगळ्या वस्त्या घेतल्यात तर सापडलेला फरक वयाचा, जातीचा, गावाचा की शिक्षणाचा, हे शेवटी सुटंच करता येणार नाही.

चाळकरी
गिरणगावाबद्दल थोडं. इथली पहिली पिढी दोन बाजूंनी आली: कोकणातून, आणि घाटावरून म्हणजे सातारा, कोल्हापूर, पुणे जिल्ह्यांतून. एका खोलीत दहा-पंधरा पुरुष पाळीपाळीने झोपायचे, खाणावळीत एकत्र जेवायचे, पण खोल्या बहुतेक गावागावाच्या असायच्या. त्यामुळे पहिल्या पिढीची बोली टिकली. ती मिसळली मुलांच्या पिढीत, महापालिकेच्या मराठी शाळांत आणि चाळीच्या गॅलरीत. मालवणी बापाचा ‘खंय’ गेला, घाटावरच्या बापाचा ‘येळ’ आणि ‘इचार’ गेला, आणि दोघांच्या पोरांकडे एकच बोलणं आलं: ‘नाय’, ‘तो बोलला की’, ‘तिकीट भेटलं’.

ही सपाट होण्याची रीत नवी नाही. वेगवेगळ्या बोली एका जागी आल्या की ज्या खुणा एकाच गावाच्या असतात त्या आधी गळतात, आणि दोन्ही बाजूंना चालणाऱ्या टिकतात. ‘नाय’ टिकला कारण तो कोकणातही होता आणि घाटावरही.

‘भेटलं’वरून फार भांडणं होतात म्हणून सांगतो. पुस्तक ‘मिळतं’ आणि माणूस ‘भेटतो’ हा प्रमाण मराठीतला भेद. हिंदीत ‘मिलना’ दोन्ही कामं करतं, आणि हिंदी-मराठी रोज एकाच तोंडात असलेल्या शहरात तो भेद पुसला जाणं स्वाभाविक आहे. पण सगळं खापर हिंदीवर फोडू नका. मुंबईबाहेरच्या बऱ्याच बोलींत वस्तूही ‘भेटते’. सांगलीजवळच्या कुपवाड गावात गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी मराठी, कन्नड आणि उर्दूचा अभ्यास केला, तो १९७१ मध्ये छापून आला. तिथे शब्द वेगवेगळे राहिले, पण वाक्यांची घडण तिन्ही भाषांत इतकी जवळ आली की एका भाषेतलं वाक्य दुसरीत जवळजवळ शब्दाला शब्द ठेवून म्हणता यायचं. मुंबईत ‘माझी मदत कर’ ऐकाल तेव्हा हे आठवा. ‘मला मदत कर’मधली द्वितीया-चतुर्थी गेली आणि ‘मेरी मदद करो’ची षष्ठी आली, शब्द मात्र सगळे मराठीच.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे गिरण्याच उठल्या. त्यानंतर बरीच कुटुंबं उपनगरांत, डोंबिवली-कल्याण-विरारकडे गेली. म्हणून साठीपुढचे लोक लालबागमध्ये सापडतील, त्यांची मुलं कदाचित नाही. ‘आईवडील एका जागी, मुलं दुसरीकडे’ असा नमुना आला तर तो टाकून देऊ नका, वेगळी खूण करून ठेवा.

रेघोटी
वयाच्या बाजूने काय बदलतंय, त्याची यादी देते. हे सगळं ऐकून ओळखता येतं, यंत्र लागत नाही.

जुने लोक ‘मी करीन, सांगीन’ पण ‘मी बसेन, उठेन’ असा सकर्मक-अकर्मक भेद पाळतात. तरुण सरसकट ‘करेन, सांगेन’. ‘तू काय केलंस?’मधला शेवटचा स तरुणांत गळतो: ‘तू काय केलं?’. ‘ती मुलं’ऐवजी ‘ते मुलं’ येतं. यातलं शेवटचं मात्र काही भागांत बोलीतच आहे, म्हणून गावाची नोंद पाहून मगच वयाच्या खात्यात टाका.

फ तर डोळ्यांनी मोजा. वयस्क माणूस ‘फळ’ म्हणताना दोन ओठ मिटतो आणि हवा सोडतो, प-ला ह जोडल्यासारखं. तरुणाचा खालचा ओठ वरच्या दातांना टेकतो, इंग्रजी ‘फॅन’मध्ये टेकतो तसा. फळ, फार, फोडणी, फुकट, सगळीकडे. समोर बसून बोलताना हे लख्ख दिसतं, नुसत्या ध्वनिमुद्रणात निसटतं.

तिसरी गोष्ट च-ज. मराठीत दोन च आहेत: ‘चोर’, ‘चाक’मधला दातांजवळचा आणि ‘चार’, ‘चंद्र’मधला टाळूचा. ‘सगळं जग’ आणि ‘पाण्याचा जग’ यांचे ज वेगळे. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतले झ वेगळे. इंग्रजी माध्यमातल्या मुलांत दातांजवळचा च जातो आणि ‘चोर’ हिंदीसारखा होतो.

पण घाई करून ‘मराठी बदलली’ असा निष्कर्ष काढू नका. वीस वर्षांचा मुलगा आज एक बोलतो याचे दोन अर्थ होतात. एक, त्याची पिढी साठीतही तसंच बोलेल, म्हणजे भाषा बदलते आहे. दोन, ते फक्त त्या वयाचं बोलणं आहे, नोकरी लागली की गळेल. मधल्या वयात, साहेबासमोर आणि गिऱ्हाइकासमोर उभं राहायचं असतं तेव्हा, बोलणं सगळ्यांत जास्त प्रमाणाकडे झुकतं. निवृत्तीनंतर पुन्हा सैल होतं. तुमच्या मधल्या गटात ण सगळ्यांत जास्त निघाला तर ते बहुधा हेच आहे.

कंडेन्सर
ध्वनिमुद्रणावर कोणी बोललं नाही म्हणून. फोनवर व्हॉट्सअॅपची व्हॉइस नोट करू नका. तिथे ध्वनी दाबला जातो आणि वरच्या पट्ट्या कापल्या जातात. दातांजवळचा च आणि टाळूचा च यांतला फरक नेमका त्या वरच्या पट्टीत, साधारण चार किलोहर्ट्‌झच्या वर असतो. श-सचंही तेच.

वेव्ह फाइल, ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट. कॉलर माइक तोंडाखाली १५ ते २० सेंटिमीटरवर, पदरावर किंवा शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी. साडी रेशमी किंवा कडक स्टार्चची असेल तर माइक काठावर लावू नका, घासल्याचा आवाज नेमका स-शसारखाच येतो. फोनचं आपोआप आवाज गाळणारं सेटिंग बंद करा, ते पंख्याबरोबर स-शसारखे घर्षणाचे वर्णही खातं. पंखा बंद, कुकर चढायच्या आधी किंवा उतरल्यावर. रुळांना लागून असलेल्या चाळीत गाडी गेली की बोलणारा आपोआप आवाज चढवतो आणि उच्चार बदलतो, तो तुकडा मोजू नका.

मोजायला प्रात हे सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे, अॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या बोएर्स्मा आणि वेनिंक यांचं. पण ण-न किंवा ळ-लचा निर्णय यंत्रावर सोडू नका. स्वरांमधला मराठी ण म्हणजे जिभेचा एक झटकाच असतो, फार थोडा वेळ टिकतो, आणि प्रात काढतं त्या ध्वनीच्या चित्रात तो नपासून वेगळा काढायला सराव लागतो. दोघींनी स्वतंत्रपणे, एकमेकींचं न बघता खुणा करा. जुळलं ते ठेवा, न जुळलेले नग वगळा आणि किती वगळले ते लिहा. दहात दोनाहून जास्त नग न जुळणारे निघाले तर व्याख्या पुन्हा ठरवा.

परवानगी सुरुवातीलाच मागा आणि ‘हो’ ध्वनिमुद्रणातच येऊ द्या. लपवून मुद्रण करू नका.

बोलघेवडी
मग सावरून बोलण्याचं काय? परवानगी मागितली की सावरणारच ना?

पडद्यामागे
विषयात अडकवा. ‘तुमच्या भाषेबद्दल सांगा’ हा सगळ्यांत वाईट प्रश्न. नारळी पौर्णिमा, गणपतीच्या मंडळातली भांडणं, गिरणीचा भोंगा, बदली कामगाराची हजेरी, यावर माणूस रंगला की माइक विसरतो. घरातलं दुसरं माणूस शेजारी बसू द्या. बोलणारा मध्येच नातवावर ओरडतो, ते दोन शब्द पाऊण तासातले सगळ्यांत खरे असतात.

मग शेवटी, गप्पा संपल्यावर, शब्दयादी वाचायला द्या. आधी दिलीत तर पुढचं सगळं बोलणं परीक्षेचं होईल. जोड्या उलटसुलट लावा: मन-मण, जन-जण, काल-काळ, माल-माळ, वेल-वेळ, गाल-गाळ. यादीत अचूक आणि गप्पांत ‘न’ असं निघालं, तर त्या माणसाला ण येतो. तो कुठे वापरायचा हे तो ठरवतो आहे.

नाटक आणि डबिंगच्या कामाला हेच लागतं. ‘गावरान बोल’ सांगितलं की नट ‘काऊन’ विदर्भातून, ‘खंय’ मालवणातून आणि ‘लेका’ कोल्हापुरातून उचलतो आणि एकाच तोंडात भरतो. असा माणूस कुठल्याच गावात नसतो. आधी गाव, मुंबईत किती वर्षं, शाळेचं माध्यम हे ठरवा. मग फक्त तीन उच्चार आणि दोन प्रत्यय निवडा. आणि शंभर टक्के लावू नका, समोर कोण आहे त्यावर प्रमाण बदला. कणकवलीकडचा पासष्टीचा निवृत्त कामगार आपल्या मुलाबद्दल शेजाऱ्याला म्हणेल, ‘माका म्हायत नाय, तो खंय गेलो’. सुनेला म्हणेल, ‘मला नाय माहिती, कुठे गेला तो’. बँकेच्या साहेबाला, ‘मला माहीत नाही साहेब, ते कुठे गेलेत’. तिसऱ्या वाक्यात ‘तो’चा ‘ते’ झाला, तेही बघा. आदर फक्त साहेबाला नाही, साहेबासमोर मुलालाही मिळाला.

रेघोटी
संबोधनांचा वेगळा रकाना नक्की करा. आईला ‘तू’ सगळ्या थरांत आहे. वडिलांना ‘तुम्ही’ की ‘तू’, यात पिढी दिसते. नवऱ्याला ‘अहो’ की नावाने, यातही. रिक्षावाल्याला ‘काका’, ‘दादा’, ‘भाऊ’ की थेट हिंदी, यात वर्ग दिसतो. आणि घरकाम करणारी बाई वयाने मोठी असूनही तिला ‘तू’ म्हटलं जातं की ‘मावशी, तुम्ही’, हे विचारून कधी खरं कळत नाही, फक्त ऐकून कळतं.

फळा-खडू
शाळेच्या बाजूने लिहिते, कारण शुद्धमतींचा प्रश्न अर्धाच राहिला.

कोळीवाड्यातलं मूल ‘शाला’ म्हणतं. इंग्रजी माध्यमातलं, उंच इमारतीत राहणारं मूलही ‘शाला’ म्हणतं, कारण त्याच्या कानावर हिंदी-इंग्रजी जास्त आणि त्या दोन्हींत ळ नाही. दोघांच्या जिभेवर ल एकच. पहिल्याला वर्गात हसतात, दुसऱ्याचं कौतुक होतं: ‘किती गोड बोलतो, मराठी येत नाही ना त्याला’. उच्चाराला स्वतःची किंमत नसते. किंमत बोलणाऱ्याच्या पत्त्यावर लागते, आणि पहिल्या मुलाला ती वयाच्या सहाव्या वर्षी कळते. त्यानंतर ते वर्गात बोलणं कमी करतं. आपण त्याला ‘लाजाळू’ म्हणतो.

आता उपाय. बोलताना मध्ये तोडून सुधारू नका, वाक्य पूर्ण होऊ द्या. आधी कान, मग जीभ, मग लेखणी. रोज पाचच मिनिटं ‘काल-काळ’, ‘माल-माळ’ म्हणायचं आणि मुलांनी फक्त चित्रावर बोट ठेवायचं. ऐकून फरक कळायला लागेपर्यंत म्हणायला लावू नका, कळत नसेल तर म्हणणं हा नुसता पोपटपणा होतो. मग आरसा द्या. लला जिभेचं टोक दातांमागे टेकतं. ळला टोक मागे वळून टाळूला लागतं आणि पुढे झटकतं. णला तीच जागा, फक्त आवाज नाकातून. इंग्रजी माध्यमातल्या मुलालाही हाच व्यायाम, त्याच वेळी, त्याच बाकावर. वेगळा काढला की पुन्हा पत्ता आला.

वही तपासताना ‘पानी’, ‘शाला’ या चुका वेगळ्या रंगाने करा. त्या ऱ्हस्व-दीर्घासारख्या विखुरलेल्या नसतात, ठरलेल्या जागी येतात आणि कारण कळलं की एकदम सुटतात. बोलीतलं लिहिणं सगळं चूकच असंही समजू नका. ‘असं केलं, मी म्हटलं’ ही बोलण्यातली रूपं बोलणं लिहिताना शिरोबिंदू देऊन लिहायला लेखनाच्या नियमांतच मुभा आहे.

शुद्धमती
फळा-खडू, कौतुकाची बाजू माझ्या लक्षात आली नव्हती. पत्त्याचा मुद्दा पटला. एकाच बाकावर घ्यायची कल्पनाही चांगली आहे.

बोलघेवडी
मलाही हेच मोजायचं आहे आता! एकाच उच्चाराला लोक वेगवेगळी किंमत देतात हे दाखवता येईल का?

कानसेन
येतं. मानसशास्त्रज्ञ लँबर्ट यांनी १९६० मध्ये माँट्रिऑलच्या अभ्यासात केलं तसं. एकाच माणसाकडून तोच मजकूर दोन भाषांत (तुमच्याकडे दोन बोलींत) बोलून घ्यायचा, आणि ऐकणाऱ्यांना दोन वेगळी माणसं आहेत असं वाटू द्यायचं. तुमच्यासाठी तीस-चाळीस सेकंदांचे तुकडे पुरतील, मजकूर आणि वेग शक्य तितका सारखा, मध्ये दोन-तीन परक्या आवाजांचे तुकडे, म्हणजे आवाज ओळखला जाणार नाही. ऐकणाऱ्याने पाच पायऱ्यांवर खूण करायची: शिकलेला वाटतो, विश्वासू वाटतो, शेजारी म्हणून चालेल, साहेब म्हणून चालेल. बहुतेक ठिकाणी प्रमाण बोलणाऱ्याला हुशारीचे गुण जास्त आणि आपल्या बोलीवाल्याला आपुलकीचे. शेवटी ऐकणाऱ्यांना आवाज एकाचाच होता हे सांगा.
पण दहा आठवड्यांत दोन्ही करू नका. मुख्य मोजणी करा आणि एवढं प्रास्ताविक म्हणून वीस जणांवर घ्या.

दर्यासारंग
झटपट काही हवं असेल तर भाषाशास्त्रज्ञ लॅबॉव्हची न्यूयॉर्कच्या दुकानांची पद्धत वरळीत छान बसते. कानसेन सांगतील.

कानसेन
बसते. त्यांनी १९६२ मध्ये महाग, मध्यम आणि स्वस्त अशा तीन दुकानांत विक्रेत्यांना अशा वस्तूचा पत्ता विचारला की उत्तर ‘चौथा मजला’ हेच यावं, कारण इंग्रजीत त्या दोन शब्दांत दोन र येतात. मग ‘काय म्हणालात?’ करून पुन्हा म्हणायला लावलं. साडेसहा तासांत २६४ माणसं. निदान एक तरी र उच्चारणारे महाग दुकानात ६२ टक्के, मध्यम दुकानात ५१ आणि स्वस्त दुकानात २०. विक्रेत्यांचा पगार फारसा वेगळा नव्हता, गिऱ्हाईक वेगळं होतं.

वरळीत तुम्हाला हवा तो शब्द आयता आहे: कोळीवाडा. एकाच शब्दात ळ आणि ड दोन्ही. किल्ल्याच्या अलीकडे उभं राहून विचारा, ‘किल्ल्याच्या बाजूची ती वस्ती कुठली?’ स्वतः ‘कोळीवाडा’ म्हणू नका, नाहीतर समोरचा तुमचाच उच्चार परत देईल. उत्तर येईल कोळीवाडा, कोलीवाडा किंवा कोलीवारा. मग कानाला हात लावून ‘काय म्हणालात?’ दुसऱ्या वेळचा उच्चार सावरलेला असतो. पहिला आणि दुसरा वेगळा आला तर तीच सर्वांत मौल्यवान नोंद. रकाने सहा: अंदाजे वय, स्त्री की पुरुष, काय करत होते, पहिला उच्चार, दुसरा उच्चार, ठिकाण. हिंदीत उत्तर आलं तर तेही लिहा, ते उत्तरच आहे.

इथे रेकॉर्डर लागत नाही आणि वापरायचाही नाही. वही पिशवीत ठेवा, समोर काढू नका, पण कोपऱ्यावर वळलात की लगेच लिहा. तिसऱ्या माणसाला विचारेपर्यंत पहिल्याचा ळ होता की ल, हे आठवत नाही.